वहिनीचं नाव रेंडर होत असताना

“बंद करा ते! आधी बंद करा म्हणतो ना मी! ओ बाई, तुमाले ऐकू येऊन राह्यलं का नाई?”

ऐकू तर आमच्या साऱ्या बोरगाव मेघे गावाला येत होतं. काकाजींच्या त्या एका आरोळीने माझ्या खोलीतली पाल भिंतीवरून सुटून खाली पडली. पडल्यावर तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि परत भिंत चढायच्या भानगडीत न पडता दाराबाहेर चालती झाली. ती आजतागायत आलेली नाही. मी मात्र खुर्चीवरून हलले नाही. पडद्यावर एक निळी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत होती, आणि अशी पट्टी सरकत असताना मी सख्ख्या भावाचंही ऐकत नाही.

त्या सरकण्याला आमच्या धंद्यात रेंडर म्हणतात. मी हलत्या चित्रांचं काम करते. लग्नाची आमंत्रणं, बारशी, वाढदिवस, दुकानाचं उद्घाटन, जे काही मोबाइलवर पाठवता येतं ते सगळं. नावं, फुलं, तोरण, सनई हे सॉफ्टवेअरमध्ये सुटं सुटं मांडलेलं असतं, चिरलेली भाजी ताटात असते तसं. रेंडर म्हणजे ते चुलीवर चढवणं. शिजून झालं की व्हिडिओ तयार, मग तो कोणाच्याही फोनवर चालतो. शिजायला वेळ लागतो, आणि माझ्याकडे जरा जास्तच लागतो, कारण माझं मशीन जुनं आहे. किती जुनं ते विचारू नका. ज्या दुकानदाराने ते मला नवीन म्हणून विकलं त्याला आता पणतू आहेत. रेंडर लावलं की त्याचा पंखा असा घोंघावतो की गल्लीतली कुत्री उठून उभी राहतात आणि शेजारणीच्या मिक्सरमधली चटणी जाडीभरडी निघते. एका उन्हाळ्यात मी त्याच्या डोक्यावर पापड वाळवलेत. भाजलेसुद्धा, पण तेवढं सांगितलं की लोक म्हणतात मी वाढवून सांगते.

तर त्या दुपारी त्या मशीनवर एका लग्नाचं आमंत्रण शिजत होतं, आणि ते अर्धकच्चं उतरवावं म्हणून नवरीचे मोठे काका माझ्या डोक्याशी उभे राहून गरजत होते. हातात छापील पत्रिका. ती ते हलवत होते, तिच्यावरची सोनेरी टिकली माझ्या कीबोर्डावर पडत होती.

“हे पाहा. काय लिवलं हाये इथं? निमंत्रक. अन् त्याच्या खाली कोणाचं नाव हाये? वाचा.”

“तुमचं हाये, काकाजी.”

“मंग तुमच्या त्या सिनेम्यात दुसऱ्याचं काऊन आलं?”

दुसरं म्हणजे कोण, तर नवरीची आई. ती त्याच खोलीत होती. दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, डोक्यावरून पदर घेऊन, मांडीवर भाजीची रिकामी पिशवी घडी करून ठेवलेली. वर्ध्याजवळच्या पवनारची. नवऱ्यामागे तिनेच वावर केलं, वांगी-मेथी वर्ध्याच्या बाजारात आणून विकली, पोरीला शिकवलं. मी तिला वहिनी म्हणते. काकाजी तिच्या नवऱ्याचे थोरले भाऊ, म्हणजे तिचे भासरे. आता भासरे काय असतात हे ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगते: आमच्याकडे बाई भासऱ्यांशी समोरासमोर बोलत नाही, भासरेही तिच्याशी बोलत नाहीत. घरात आग लागली तरी ती “कोणीतरी त्याईले सांगा बाप्पा, धोतर पेटलं” असं भिंतीला सांगेल. शहरात हे मोडलं. पवनारच्या त्या घरात शाबूत होतं. त्यामुळे दोघं एकमेकांपासून हातभर अंतरावर असून सगळं भांडण माझ्यातून चाललं होतं. मी मधली वायर.

“ताई, त्याईले सांगा,” वहिनी पिशवीकडे पाहत म्हणाली, “कार्डावर त्याईचं नाव हाये. मी काही म्हटलं का? व्हिडिओत माझं राहू द्या म्हणा.”

“काकाजी, वहिनी म्हणतात की कार्डावर तुमचं नाव आहे, त्यांना आनंदच आहे...”

“मले ऐकू आलं! आनंद कुठी म्हटला तिनं?”

मी तो माझ्या पदरचा घातला होता. सवय. हलत्या चित्रांच्या कामात सगळ्यात पहिली शिकायची गोष्ट हीच आहे, की कोणतीही वस्तू धाडकन सुरू करायची नाही आणि धाडकन थांबवायची नाही. नवशिक्याचं अक्षर पडद्यावर भिंतीला धडकल्यासारखं थांबतं. बघणाऱ्याच्या दाताला कळ येते. वर्ध्याहून पवनारला जाणारी बस थांब्यावर कशी येते ते बघा. चांगला ड्रायव्हर आधीपासून वेग उतरवत आणतो, शेवटचं हातभर अंतर तर ती नुसती श्वास सोडल्यासारखी सरकते, उभ्या माणसाच्या हातातली अंडी फुटत नाहीत. अक्षर तसं थांबलं पाहिजे. सॉफ्टवेअरमध्ये त्याला एक बटण आहे, ते सगळे दाबतात आणि झालं समजतात. बटणाने काम अर्धंच होतं. त्याच्या पोटात वेगाची जी वाकडी रेघ असते ती हाताने ओढून शेवट लांबवावा लागतो. मी ती रेघ इतकी वर्षं ओढतेय की आता माणसांची वाक्यंही तशीच उतरवून पोचवते. पण ज्याने मूळ वाक्य स्वतःच्या कानाने ऐकलंय त्याच्यावर ही युक्ती चालत नाही, हे त्या दिवशी कळलं.

हे प्रकरण असं सुरू झालं होतं. काही दिवसांपूर्वी वहिनी बाजारातून थेट माझ्याकडे आली. पिशवीत उरलेली वांगी होती, ती आधी माझ्या ओट्यावर ओतली, मग बसली.

“पोरीच्या लग्नाचं आमंत्रण करून द्या. मोबाइलचं. बोलावणारी मी. माझं नाव पायजे.”

“कार्डात नाही टाकलं?”

“कार्ड भासऱ्यानं छापून आणलं. मले छापल्यावर दाखवलं. आतमंदी बारीक अक्षरात हाये मी, आशीर्वाद देणाऱ्याईत. आत्याच्या खाली.”

“मग त्यांना म्हणायचं ना.”

“कसं म्हणू? बोलत नाई ना मी त्याईच्यासंग.” आणि ती हसली. मला वाटलं रडेल, पण हसली.

मग तिने जे सांगितलं त्यात सगळा डाव होता. काकाजी अमुक दिवशी सकाळपासून कार्डं वाटायला निघणार होते. तिला व्हिडिओ त्याच्या आदल्या संध्याकाळी पाहिजे होता. कारण साधं आहे: आधी जे पोचतं ते आमंत्रण, मागून येतं ती आठवण. साऱ्या सोयऱ्याधायऱ्यांच्या फोनवर आदल्या रात्रीच तिच्या नावाने बोलावणं गेलं, की सकाळी काकाजी मोटारसायकलवरून कार्ड घेऊन येतील तेव्हा लोक म्हणतील, हो हो, आलं ना, पोरीच्या आईचं आलं.

अशी बाई समोर बसलेली असताना तयार साचा वापरायचा? नागपूरचा एक स्टुडिओवाला मला नेहमी ज्ञान देतो. “मॅडम, टेम्प्लेट घ्या, नाव बदला, मोकळे व्हा. कायले जीव काढता?” मी उघडून पाहिले त्याचे साचे. एकूणएक साच्यात वर बापाची जागा, खाली आईची. बापाची चौकट रिकामी ठेवली की तिथे भलंमोठं भोक दिसतं. आईला वर सरकवलं की तोरण तिच्या कपाळावर येतं. साचा बनवणाऱ्याच्या डोक्यातच एकटी आई नव्हती. मी त्याला कळवलं, तुझ्या साच्यात माझी माणसं बसत नाहीत, तर मी माणसं का कापू? त्याने हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

म्हणून मी कोऱ्या पडद्यापासून सुरुवात केली. कोरा पडदा उघडला की नवखा माणूस आधी गुलाबाची पाकळी शोधायला जातो आणि संध्याकाळपर्यंत पाकळीच शोधत बसतो. मी पाकळीला हातही लावत नाही. आधी नुसत्या राखाडी चौकटी टाकते. ही चौकट नवरीचं नाव, ही वहिनीचं, ही मुहूर्त, ही मांडव. त्या चौकटी सनईवर हलवते. कोण कधी येतं, किती थांबतं, कोण कोणाला वाट देतं, एवढं जमलं की मग साजशृंगार. चौकटी कंटाळवाण्या दिसत असतील तर सोन्याचा मुलामा देऊनही व्हिडिओ कंटाळवाणाच होणार. वहिनीला मी त्या राखाडी चौकटी दाखवल्या. तिने निरखून पाहिलं आणि म्हणाली, “चांगलं हाये, पण पोरगी दिसत नाई.”

दुसरं, थरांना, म्हणजे एकावर एक रचलेल्या तुकड्यांना, नावं देणं. सॉफ्टवेअर आपल्या मनाने प्रत्येक तुकड्याला एक नंबर देतं, आणि पुढे त्या नंबरांच्या गर्दीत तुम्ही जत्रेत पोर हरवल्यासारखे फिरता. मी सरळ नाती लिहिते. ‘मोठी आत्या’, ‘रुसणारा मामा’, ‘मामाला रुसवणारी मामी’. कोणी फोन करून म्हणालं की आमच्या मामाचं नाव जरा मोठं करा, की मी एका टिचकीत मामाच्या मानेवर. आणि सगळी आप्तमंडळी एका अदृश्य खुंटीला बांधून ठेवते. ती खुंटी व्हिडिओत दिसत नाही, पण ती वर सरकवली की आत्या, मामा, मामी सगळे शिस्तीत वर सरकतात. खऱ्या लग्नात अशी खुंटी मिळाली असती तर विदर्भातली निम्मी भांडणं मिटली असती.

वहिनीच्या नावाने मात्र घाम काढला. अक्षर अक्षर करून नाव उमटवायचं ही इंग्रजी सॉफ्टवेअरची आवडती कला. आपल्या नागरी अक्षरांवर ती लावली की हाहाकार. वेलांटी आधी येते, अक्षर मागून धावत येतं, रफार तर पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन एकटाच गोल फिरतो. वहिनीच्या नावाची पहिली चाचणी काढली तेव्हा मात्रा अशा उडाल्या की वाटलं कोणी कबुतरांच्या खुराड्यात फटाका सोडला. म्हणून आपल्या लिपीत अक्षरं फोडायची नाहीत. अख्खा शब्द एकत्र धरायचा, नाहीतर नावाचं सरळ चित्र करून घ्यायचं आणि त्याच्यावरचा आडोसा सरकवत ते उघडायचं. मी तिचं नाव तसंच उघडलं, डावीकडून, हळू, पहाटे दाराची फळी सरकवावी तसं. त्यानंतर तिचाच फोन घेतला, अंगणात भर उन्हात गेले आणि त्यावर लावून पाहिलं. काम मोठ्या पडद्यावर बघून खूश होणं म्हणजे सासर बघताना फक्त दिवाणखाना बघणं. हा व्हिडिओ लोक बघणार फुटलेल्या काचेवर, वावरात, उन्हात, अंगठ्याने खालचा भाग झाकून. नाजूक अक्षर तिथे विरघळतं. मी नाव जाड केलं, पडद्याच्या मध्यावर आणलं, अंगठ्याच्या वर.

“आता दिसते,” वहिनी म्हणाली. नाव वाचून परत म्हणाली, “दिसते ना?”

हे सगळं झाल्यावर मग कार्डवाटपाच्या आदल्या दिवसाची ती दुपार आली. रेंडर लावलं, वहिनी खुर्चीवर बसली, आणि पवनारहून काकाजी मोटारसायकलने येऊन धडकले. त्यांना कोणी सांगितलं हे मला आजही ठाऊक नाही. माझा संशय मामाला रुसवणाऱ्या मामीवर आहे.

आरडाओरडा करून काकाजींचा घसा बसला तेव्हा मी त्यांना पाणी दिलं. ते प्यायले, खाली बसले आणि आवाज उतरला.

“माझा लहाना भाऊ होता तो,” ते मला म्हणाले. “त्याची पोरगी हाये. मी नाई बोलावलं तर लोकं काय म्हणतीन? म्हणतीन, थोरल्यानं हात झटकले. नाईतर म्हणतीन, घर फुटलं.”

ते खोटं बोलत नव्हते. भाऊ गेल्यावर ते उभे राहिले होते, हे वहिनीनेच मला सांगितलं होतं. म्हणून मी त्यांचा पेला परत भरून दिला.

वहिनी पिशवीची घडी मोडत म्हणाली, “त्याईले सांगा, बोलवा म्हणा. गंज बोलवा, पायजे तेवढे. मी कुठी नाई म्हणून राह्यली? पण मी बी बोलावीन. माझी बी हाये ना पोरगी.”

“तिले सांगा,” काकाजी परत उठले, “बाईच्या नावानं बोलावलं तर कोणी कुत्रं नाई येणार.”

“त्याईले सांगा, नाई तर नाई. पंगतीतलं उरलं तर मी शेजारी वाटीन.”

“तिले सांगा, हा व्हिडिओ गेला, तर मी त्या मांडवात पाय नाई ठेवणार! मी नाई, माझे पोरं नाई, माझ्या घरचं मांजर नाई! ठेवला तर धाम नदी उलटी वाहीन!”

वहिनीचे हात पिशवीवर थांबले. मांडव कोण उभारणार, वरातीच्या समोर कोण जाणार, पोरीच्या बाजूने पुरुष म्हणून कोण उभं राहणार, हे सगळं काकाजींच्या घरातूनच यायचं होतं, आणि ते दोघांनाही माहीत होतं. मी तिच्याकडे पाहिलं. वायर असले तरी एवढं विचारणं माझं काम होतं.

“वहिनी, थांबवू का?”

“कायले?” ती म्हणाली. “चालू द्या.”

काकाजींनी खोलीभर नजर फिरवली, आणि त्यांना दारावरचा मेन स्विच दिसला. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी कोणाच्या साखरपुड्यातही पाहिलेला नाही. गावात त्यांचा सत्कार झाला होता, त्याचा व्हिडिओ एका दुकानात बनत असताना ऐन शेवटाला लाइन गेली होती आणि सगळं काम पाण्यात. परत पहिल्यापासून. परत लाइन गेली. शेवटी त्यांचा सत्कार कोणी पाहिलाच नाही. हे दुःख त्यांनी मला त्याच दुपारी सांगितलं होतं, आणि आता ते दुःख त्यांच्या हातात शस्त्र होऊन आलं होतं. ते दारापर्यंत गेले, हात वर केला, आणि खटका खाली ओढला.

पंखा थांबला. पडदा काळा झाला. माझा यूपीएस किंचाळायला लागला. त्याची बॅटरी केव्हाच मेलेली आहे, तो फक्त रडायला ठेवलाय.

“आता होऊ द्या तुमचा व्हिडिओ,” काकाजी म्हणाले. “मले सारं माहीत हाये. लाइन गेली की सारं जाते. लावा पहिल्यापासून. मी इथंच बसतो. पुन्हा लावलं की पुन्हा पाडतो. सकाळपर्यंत बसतो.”

मी वर्षानुवर्षं अशा विजेवर काम केलेलं आहे जी पाहुण्यासारखी येते आणि पाणीही न पिता निघून जाते. मोठ्या शहरातले लोक इंटरनेटवर सल्ले देतात: जास्त ताकदीचं मशीन घ्या, अमुक कार्ड टाका, तमुक टाका. त्यांच्या खोलीत बारा महिने थंडगार असतं आणि लाइन जाणं म्हणजे काय हे त्यांच्या पोरांना गोष्टीत सांगावं लागतं. मला कोणी शिकवलं नाही, मला विजेने शिकवलं. मी सलग व्हिडिओ काढतच नाही. मी सुटी चित्रं काढते. पडद्यावर जे हलताना दिसतं ती खरं म्हणजे एकामागे एक स्थिर चित्रंच असतात. मशीनला सांगायचं, बाबा, प्रत्येक चित्र शिजलं की वेगळं उतरवून फडताळात, म्हणजे फोल्डरमध्ये, ठेव. सलग व्हिडिओ म्हणजे एकच मोठं भांडं, कलंडलं की सगळं सांडलं. सुटी चित्रं म्हणजे पोळ्या. गॅस संपला तरी झालेल्या पोळ्या डब्यात राहतात, नवीन सिलेंडर आला की पुढची लाटायची. सगळी चित्रं झाली की ती सनईबरोबर ओवायला अगदी थोडा वेळ लागतो.

पण हे मी काकाजींना सांगितलं नाही. मी तोंड असं केलं, जणू माझं कोणी गेलंय. साडीच्या पदराने कपाळ पुसलं, “अरे देवा” म्हटलं, खुर्चीत मागे रेलले. रंगमंचावर असते तर शाल-श्रीफळ मिळालं असतं.

वहिनीने माझं तोंड पाहिलं आणि ते खरं धरलं. तिला तरी काय माहीत. ती उठली. मी म्हटलं आता ही निघते. तिने खोलीत इकडेतिकडे पाहिलं, कोपऱ्यातलं पाण्याचं स्टूल उचललं, त्यावरचा माठ खाली ठेवला, स्टूल दारात नेलं. दारात काकाजी उभे. ती त्यांना बाजूला व्हा म्हणू शकत नव्हती, आणि ते तिला चढू नको म्हणू शकत नव्हते. मी मधली वायर, मुद्दाम मुकी. ती तशीच स्टूल घेऊन उभी राहिली. काकाजीही उभे राहिले. यूपीएस किंचाळत होता. बाहेर शेजारणीचा मिक्सर एकदम जोरात सुरू झाला, तिला कधी नव्हे तो विजेचा पूर्ण दाब मिळाला होता.

कोण जास्त वेळ उभं राहील ही स्पर्धा असेल तर डोक्यावर टोपली घेऊन बाजारात उभ्या राहिलेल्या बाईशी ती लावू नये. काकाजी सरकले. ती स्टुलावर चढली, पदर दातात धरला आणि खटका वर ढकलला.

लाइन आली. मशीन खोकलं, कण्हलं, उठलं. काकाजी माझ्या मागे येऊन उभे राहिले, आपलं काम बघायला.

“गेलं ना?” ते म्हणाले.

मी फडताळ उघडलं. चित्रं एकाखाली एक बसलेली. तोरण. फुलं. नवरीचं नाव. आणि त्याच्या मागून वहिनीचं नाव उघडायला लागलेलं, अर्धं. शेवटचं चित्र खालून करडं झालेलं होतं, लाइन जाताना जे शिजत असतं ते नेहमी अर्धवट राहतं. ते एक काढून टाकलं, आणि तिथूनच पुढे लावलं. निळी पट्टी परत निघाली.

“म्हंजे नाई गेलं?”

“नाई गेलं, काकाजी.”

“लाइन गेली तरी?”

“लाइन गेली तरी.”

ते वाकून पट्टी पाहू लागले. सत्काराच्या व्हिडिओची आठवण आली असावी, कारण मग त्यांनी एकदम वेगळ्याच आवाजात विचारलं, “हे त्या दुकानवाल्याले काऊन नाई समजलं?”

“लाइन गेली की तो नुसत्या शिव्या द्यायचा, काकाजी. मी तिच्या जाण्याकडून काम शिकले.”

पुन्हा खटक्याकडे ते गेले नाहीत. काय उपयोग, हे त्यांना कळलं होतं. थोड्या वेळाने, वहिनी ऐकतेय हे विसरल्यासारखं करून, त्यांनी मला हळूच विचारलं, “माझं नाव कुठीसाक हाये यात?”

मी दाखवलं. वहिनीने ते आधीच सांगून ठेवलं होतं: तिच्या नावानंतर लगेच, एकटं, इतरांच्या गर्दीत नाही, पुतणीचे मोठे काका म्हणून. ते बसप्रमाणे हळू येऊन थांबत होतं. त्यांनी ते पाहिलं. परत दाखवा म्हणाले. परत पाहिलं. मग पत्रिका खिशात कोंबली, दुपट्टा खांद्यावर टाकला आणि दारातून माझ्याकडे वळले.

“तिले सांगा, मी येणार नाई.”

मोटारसायकल सुरू झाली. वहिनी माठ परत स्टुलावर ठेवत होती. संध्याकाळी चित्रं ओवून झाली, व्हिडिओ तिच्या फोनवर गेला, आणि तिने माझ्यासमोर बसून एकेकाला पाठवला. आधी माहेरी, मग बाजारातल्या बायकांना, मग सासरच्या साऱ्या गोतावळ्याला. शेवटी काकाजींच्या थोरल्या पोराचा नंबर आला तेव्हा अंगठा थांबला. मग त्यालाही पाठवला.

तो व्हिडिओ कुठवर गेला हे मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, पाहा लागली फेकायला. नाचणगावच्या एका बाईने मला बसमध्ये माझाच व्हिडिओ दाखवून सांगितलं, असा बनवता आला पाहिजे. दोन विधवा आया तेवढ्या दिवसांत येऊन गेल्या, आम्हालाही असंच नाव पाहिजे म्हणाल्या. नागपूरवाल्याने विचारलं, मॅडम हा साचा कुठला? मी म्हटलं, पवनारचा.

लग्नाला मला जाता आलं नाही, दुसऱ्या कोणाचं बारसं चुलीवर होतं. नंतर एके दिवशी वहिनी बाजारातून आली. पिशवीत मेथी आणि कागदात बांधलेली बुंदी. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. मी मांडवाचं विचारलं, झाला. पोरीचं विचारलं, सुखात हाये. पंगतीला माणसं होती का विचारलं, तर म्हणाली, गंज होती. मग मला राहवेना.

“वहिनी, काकाजी आलते का?”

तिने मेथीची जुडी सोडली, एक पिवळं पान काढून टाकलं.

“आलते. जेवून गेले.”